काडीवरचा पेढा चालेल, न वाचलेलं पाकीट चालणार नाही



आपल्या मीरा-भाईंदरमध्ये हल्ली लहान मुलाचा वाढदिवस म्हटला की टेबलावर एक गोष्ट हमखास असते. काडीवर खोवलेला खाऊ. विकतचा मार्शमेलो, केकचा गोळा, बिस्किट किंवा पेढा घ्यायचा, काडी टोचायची, वितळवलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचा, वरून रंगीत दाणे भुरभुरायचे आणि ग्लासात उभा करायचा. पंधरा-वीस मिनिटांत पंचवीस मुलांचा खाऊ तयार. मुलं तर वेडी होतात. हातात काडी आली की साधा पेढासुद्धा त्यांना जत्रेतला वाटतो.

या खाऊवरून आपल्या बायकांत दोन तट पडले आहेत. एक तट माझ्या वयाच्या सासवांचा. त्या म्हणतात, "विकतचं आणलं नि काडी खोचली, यात हिने केलं काय?" दुसरा तट त्यांच्या सुनांचा. त्या म्हणतात, "पाकिटावर हिरवा ठिपका आहे, आता आणखी काय बघायचं?" माझं भांडण दोन्ही तटांशी आहे.

आधी सासवांचं बघू, कारण त्या माझ्याच पंगतीतल्या.

विकतच्या गोडाला सजवून मुलांसमोर मांडणं ही आजकालच्या मुलींनी काढलेली पळवाट नाही. संक्रांतीचे हलव्याचे दागिने आठवा. बोरन्हाणाला बाळाच्या अंगावर घालतात तो हार, मुकुट, बाजूबंद. आपल्यातल्या बऱ्याच घरांत संक्रांत पाळत नाहीत, पण शेजारच्या मराठी घरात हे सगळ्यांनी पाहिलं आहे. हलवा घरी करणाऱ्या बायका तेव्हाही थोड्या होत्या, कारण तिळावर पाकाचा काटा फुलवणं म्हणजे तासन्‌तास शेगडीपुढे बसणं. बाकीच्या हलवा वाण्याकडून आणत आणि दोऱ्यात ओवत. त्यांना कुणी आळशी म्हटलं नाही. उलट "काय सुरेख दागिने केलेत हो" असंच म्हटलं. गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी विकतच्याच. आपल्या देरासरात व्याख्यान झाल्यावर प्रभावना म्हणून पताशे वाटले जात, तेही हलवायाकडचेच. आणि आपल्या तरुणपणी मुंबईतल्या पार्ट्यांमध्ये टूथपिकवर चीजचा तुकडा, अननस आणि लाल चेरी खोवून ठेवत, ते काय होतं? तिन्ही वस्तू विकतच्या. ती चेरीसुद्धा बहुधा रंगवलेलं, पाकवलेलं करवंद असायचं. ते करून आपण मोठ्या मॉडर्न म्हणून मिरवलो. मग सुनेने पेढ्याला काडी टोचली की तिचा संसार कच्चा कसा ठरतो?

शिवाय जुनं ते सगळं शुद्ध आणि नवं ते भ्रष्ट, असंही नाही. काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख घ्या. चांदीचा तुकडा जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांमध्ये ठेवून हातोड्याने कुटत, तेव्हा तो इतका पातळ होई. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. वर्ख लावलेली मिठाई आपण लग्नात, पारण्यात, सगळीकडे वाटली. साधू-साध्वीजींनी आणि अहिंसेचं काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं बोंब मारली, तेव्हा कुठे २०१६ साली सरकारने नियम केला की वर्ख बनवताना कुठल्याही टप्प्यावर प्राणिज वस्तू वापरायची नाही. म्हणजे ज्या मिठाईचा दाखला देऊन आपण सुनेच्या मार्शमेलोला नाक मुरडतो, तिच्यावरही तोच प्रश्न चमकत बसला होता. फरक एवढाच, की तो कुणी विचारला नव्हता.

तेव्हा "विकतचं" हा गुन्हा नाही. घरी तास घातले की पुण्य आणि दुकानातून आणलं की पाप, असा हिशेब कुठल्या आगमात आहे ते मला दाखवा. नोकरी करून विरारच्या गर्दीतून भाईंदरला उतरणाऱ्या मुलीने पंचवीस मुलांसाठी घरी मावा आटवावा, ही अपेक्षा धर्माची नाही, आपली आहे.

आता सुनांकडे वळते. मुलींनो, तुमची बाजू घेतली म्हणून खूश होऊ नका. तुमचा हिरवा ठिपका मला मान्य नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई. कंपनीचा ताळेबंद वाचायला शिकवताना आम्हाला सांगितलं होतं की वरचा नफ्याचा आकडा बघून खूश व्हायचं नाही, खालच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचायच्या. खाण्याच्या पाकिटाचंही तेच आहे. हिरवा ठिपका हा वरचा आकडा. खरी गोष्ट मागच्या बाजूला, घटकांच्या यादीत असते.

हिरवा ठिपका म्हणजे काय, हे कायद्यात लिहिलं आहे. पाकिटावर काय छापायचं, याचे २०२० चे नियम एफएसएसएआयने म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने केले आहेत. त्यांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या आहे: प्राणी, पक्षी, कीटक, मासे, अंडी किंवा कुठलाही प्राणिज घटक असलेला पदार्थ. पण त्यातून काही गोष्टी वगळल्या आहेत. दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण, कार्नोबा मेण आणि शेलॅक. कार्नोबा मेण झाडाचं असतं, ते सोडून देऊ. पण बाकीची यादी पुन्हा वाचा. मध आणि शेलॅक असलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका लागू शकतो आणि तो पूर्ण कायदेशीर असतो. दुकानदार खोटं बोलत नाही, कंपनीही फसवत नाही. फक्त त्यांची व्याख्या आणि आपली व्याख्या वेगळी आहे.

मध आपल्याकडे महाविगयीत येतो. मद्य, मांस, मध आणि लोणी. दिगंबरांकडेही श्रावकाच्या मूलगुणांत मद्य, मांस, मधाचा त्याग पहिला. एवढ्या एका गोष्टीत तरी आपले सगळे पंथ एकमताने उभे आहेत. आणि मध घातलेल्या बिस्किटावर, कॉर्नफ्लेक्सवर, चॉकलेटवर हिरवा ठिपका दिमाखात असतो. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्यांचा स्राव. काडीवरच्या खाऊवर जे चकचकीत रंगीत दाणे भुरभुरतात, ज्यांना स्प्रिंकल्स म्हणतात, त्यांतल्या काहींची चमक शेलॅकची असते. यादीत ते ९०४ या आकड्याने लपतं. कुणाला ते चालत असेल, कुणाला नसेल. पण निदान घरात ठरू तरी द्या. ठरवण्याआधीच पोटात गेलं तर नियम कसला?

आता मुख्य आरोपी, मार्शमेलो. याची गंमत सांगते. मार्शमेलो हे मुळात एका झाडाचं नाव, आणि जुन्या काळी ही मिठाई त्या झाडाच्या मुळाच्या चिकट रसापासून होत असे. म्हणजे मूळ कृतीही कंदमूळवालीच, आपल्याला न चालणारी! आज त्या मुळाच्या जागी जिलेटिन आलं आहे. जिलेटिन म्हणजे डुकराची किंवा गाईगुरांची कातडी, हाडं उकळून काढलेला चिकट पदार्थ. माशांपासूनही काढतात. रबरासारख्या चावता येणाऱ्या जेली-गोळ्यांतही बहुतेकदा तेच. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर जिलेटिन असेल तर हिरवा ठिपका लागत नाही. २०२० च्या नियमांनी मांसाहाराची खूणसुद्धा तपकिरी गोलाऐवजी चौकटीतला तपकिरी त्रिकोण अशी केली आहे, म्हणजे रंग नीट न ओळखणाऱ्यालाही कळावं. पण दुबई-सिंगापूरहून मामांच्या सूटकेसमधून आलेल्या पाकिटाचं काय? त्यावर आपल्या देशाची खूण नसते. तिथे "ठिपका नाही म्हणजे चालत असेल" असं म्हणत मुलांना ती दिली जाताना मी पाहते. ठिपका नसणं हे कुणी दिलेलं अभयदान नाही. बाहेरच्या पाकिटावर ई-१२० किंवा कार्माइन दिसलं तर तो कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग आहे, हेही पाठ करून ठेवा.

आणि काही आकडे तर असे की ते वाचूनही उत्तर मिळत नाही. ४७१ घ्या. ही एक प्रकारची चरबी, तेल-पाणी एकत्र धरून ठेवायला घालतात. ती वनस्पती तेलापासूनही होते आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. नुसत्या आकड्यावरून कळत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२१ रोजी याच मुद्द्यावर आदेश दिला होता. न्यायालयाचं म्हणणं असं, की नुसता सांकेतिक क्रमांक छापून भागणार नाही, तो घटक वनस्पतीतून आला, प्राण्यातून आला की प्रयोगशाळेत तयार झाला, हेही सांगितलं पाहिजे. आणि प्राणिज घटकाचं प्रमाण कितीही थोडं असलं तरी पदार्थ मांसाहारीच. कारण काय खायचं हे माणसाने माहितीनिशी ठरवायचं असतं. मैत्रिणींनो, तुमच्या-आमच्या जिभेवरचा प्रश्न थेट न्यायालयात मांडला गेला. आणि आपण? आपण दुकानात उभ्या राहून पाकीट उलटंसुद्धा करत नाही.

इथे मला आपल्या गावाची एक गोष्ट बोलायचीच आहे. २०१५ साली पर्युषणाच्या दिवसांत मांसविक्री बंद ठेवण्याच्या ठरावावरून मीरा-भाईंदरचं नाव देशभरच्या बातम्यांत गाजलं. ठराव बरोबर होता की चूक, हा आजचा विषय नाही. त्यावर प्रत्येकीचं मत असेल, आणि ज्याच्या पोटावर पाय येतो त्याचंही म्हणणं असतं. मी एवढंच विचारते, की दुसऱ्याच्या ताटात आठ दिवस काय असू नये यावर आपण जेवढे तावातावाने बोललो, त्याच्या दहाव्या हिश्शाने आपल्या मुलाच्या बर्थडेच्या बशीत वर्षभर काय आहे यावर बोललो का? दुसऱ्याचं ताट तपासणं सोपं असतं. तिथे चष्मा लावून बारीक अक्षरं वाचावी लागत नाहीत.

"जैन" असं छापलेलं पाकीट घेतलं की सुटलो, असंही समजू नका. कांदा-लसूण नाही एवढ्यावर कुणी जैन लिहितो, कुणी बटाटाही टाळतो, मधाचा विचार कुणी करतो, कुणी करत नाही. प्रश्न विचारायचा तो हा: कुणाच्या व्याख्येने जैन? २०२२ पासून व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळी खूण आली आहे. तिथे प्राणिज काहीच चालत नाही, त्यामुळे मध आणि शेलॅकचा प्रश्न तिथे मिटतो. पण त्या खुणेला कंदमुळाशी काही देणंघेणं नाही. म्हणजे तीही अर्धंच उत्तर देते. जिलेटिनशिवायचे मार्शमेलो मिळतात, त्यांत पेक्टिन, अगर किंवा कॅराजिनन असतं. पेक्टिन फळांच्या सालीतून निघतं. अगर आणि कॅराजिनन समुद्री शेवाळातून. शेवाळ आपल्याकडे अनंतकायात गणतात, म्हणून काही घरांत ते घेत नाहीत. तुमच्या घरात काय, ते तुमच्या गुरुभगवंतांना विचारा. व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टचा पाया अल्कोहोलचा असतो, हेही बेकिंग करणाऱ्या मुलींनी लक्षात ठेवावं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, "काकू, मग करूच नये का काही?" करावं! जरूर करावं. हाच तर माझा मुद्दा आहे. नुसतं "नको, नको" म्हणून आपण मुलांचा धर्म नकोशा गोष्टींची यादी करून टाकतो. दुसऱ्याच्या पार्टीला पाठवताना सांगतो, "बेटा, तिथे काही खाऊ नकोस." पाच वर्षांचं पोर सगळ्यांच्या हातात रंगीत काडी बघत भिंतीला टेकून उभं राहतं. त्याच्या मनात धर्म म्हणजे काय उरतं? सगळ्यांना मिळालं आणि मला नाही मिळालं, ते. त्यापेक्षा आपल्या घरच्या पार्टीत असा खाऊ ठेवा की दुसऱ्यांची मुलं म्हणतील, "आंटी, आणखी एक द्या."

त्यासाठी मार्शमेलो लागत नाही. आपल्या भाईंदरमध्ये गल्लोगल्ली मिठाईची दुकानं आहेत. अर्धा किलो पेढे आणा. वीस ग्रॅमचा एक धरला तर पंचवीस होतात. पाव किलो कंपाउंड चॉकलेट पुरतं. पाकीट वाचून घ्या, शक्यतो ३२२ सोयाबीनचं असल्याचं लिहिलेलं. पातेल्यात पाणी गरम करून त्यावर कोरडा वाडगा ठेवा आणि त्यात चॉकलेट वितळवा. पाण्याचा थेंबही आत जाऊ देऊ नका, नाहीतर ते घट्ट होऊन दाणेदार होतं. पेढा हाताने गोल वळा. काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवा, मग पेढ्यात निम्म्यापर्यंत खोवा आणि दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. ही पायरी गाळू नका, नाहीतर बुडवताना पेढा काडीवरून घसरून चॉकलेटात पडतो. मग बुडवायचं, जास्तीचं झटकायचं आणि लगेच वर पिस्त्याचा चुरा, खोबऱ्याचा कीस, भाजलेले तीळ किंवा वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या लावायच्या. स्प्रिंकल्सची आठवणसुद्धा येत नाही. उभे करायला ग्लासात तांदूळ भरा. तांदूळ नंतर निवडून परत डब्यात. बिनवर्खाची काजूकतली चौकोनी कापून काडी लावली की पतंग दिसतो, सोनपापडीचा चौकोन मात्र काडीवर टिकत नाही, तिच्या नादी लागू नका. बिनअंड्याच्या केकचा चुरा थोड्या दुधाच्या मलईत मळूनही गोळे होतात. अमेरिकेत बेकरेला नावाने लिहिणाऱ्या अँजी डडली यांनी २००८ च्या सुमारास हेच केकपॉप प्रसिद्ध केले. तिथे केकच्या चुऱ्यात क्रीम चीजचं फ्रॉस्टिंग असे. आपण आपलं घालायचं.

हिशेबही मांडते, कारण सवय जात नाही. माझ्या वहीप्रमाणे पेढे तीनशे, चॉकलेट शंभर, काड्या आणि वरचा मसाला पन्नास. साडेचारशे भागिले पंचवीस, म्हणजे एक काडी अठरा रुपयांना. बाहेरून तयार मागवाल तर याच्या दुपटीत मिळाली तरी स्वस्त म्हणा. आणि त्यात काय घातलं आहे, ते विचारायला तुम्ही तिथे नसता.

पेढे आणताना दोन तारखा बघायच्या. एक सरकारची. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही कधीपर्यंत खावी ती तारीख लावणं दुकानदाराला बंधनकारक आहे. दिसली नाही तर विचारा, तो तुमचा हक्क आहे. दुसरी तारीख आपली. श्वेतांबर परंपरेत कोरड्या मिठाईचा काळ हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवस मानतात, आणि वास-चव बदलली तर त्याआधीच ती अभक्ष्य. पाण्याचा अंश राहिलेली मिठाई, म्हणजे रसगुल्ला-गुलाबजामसारखी, दुसऱ्या दिवशी वासी. मग आदल्या रात्री रसगुल्ल्याला काड्या लावून फ्रिज भरून ठेवणं आपल्यात बसतच नाही. दोन्ही तारखांपैकी जी आधी येईल ती आपली.

काडीसुद्धा बघून घ्या. १ जुलै २०२२ पासून खाऊच्या आणि फुग्यांच्या प्लास्टिक काड्यांवर देशभर बंदी आहे, सजावटीच्या थर्मोकोलवरही. तरी मागच्या दाराने मिळतात. ती काडी कचऱ्यातून गाईच्या पोटात जाते. जिलेटिन टाळून गाईला वाचवायचं आणि काडीने मारायचं, ही कसली अहिंसा? कागदाची किंवा बांबूची काडी घ्या. बांबूची असेल तर टोकदार बाजू कापून टाका. अगदी लहानग्यांना काडीशिवाय, छोटे तुकडे करून द्या.

आणि वेळ. केक रात्री साडेआठला कापला तर वर लिहिलेलं सगळं पाण्यात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनअखेरीस सव्वासातनंतर. चार वाजताची पार्टी ठेवा. "पप्पा ऑफिसमधून आल्यावर" हे कारण मला पटत नाही. वर्षातून एक दिवस पप्पांनी दुपारची गाडी पकडावी.

पप्पांवरून आठवलं. या सगळ्या भांडणात पुरुष कुठे आहेत? पाकीट सासऱ्यांनी आणलं, ऑर्डर नवऱ्याने मोबाइलवरून दिली, आणि घरात जिलेटिन सापडलं की बोलणी सुनेला. हे बंद करा. जो आणेल त्याने वाचायचं. आठ वर्षांच्या मुलालाही वाचता येतं. पाठशाळेत सूत्रं पाठ करणारं पोर "जिलेटिन" हा शब्द आणि ९०४, १२०, ४७१ हे तीन आकडे दोन दिवसांत पाठ करेल. सूत्र पाठ केल्याबद्दल त्याला बक्षीस म्हणून टॉफी देणाऱ्यांनीही त्या टॉफीचं पाकीट आधी वाचावं.

काही जणी म्हणतील, इतकं काटेकोर राहिलं तर जगायचं कसं? एका गोळीने काय होतं? माझं उत्तर सरळ आहे. तुम्ही नियम घेतला नसेल तर मी तुमच्या दारात येऊन तपासणार नाही. पण नियम घेतला आहे असं सांगायचं, लोकांत मिरवायचं आणि मग वाचायला कंटाळा करायचा, हे मला पटत नाही. विकतचा खाऊ आणून तुम्ही दोन तास वाचवलेत ना? त्यातली पाच मिनिटं पाकिटाला द्या. एवढीच मागणी आहे.

आणि एक काम आपल्या प्रत्येक महिला मंडळाने करावं. एक वही घाला. रकाने चारच: वस्तू, शंका असलेला घटक, कंपनीचं उत्तर, तारीख. पाकिटावर ग्राहकसेवेचा नंबर किंवा ईमेल छापलेला असतो. तिथे विचारायचं, "तुमचं ४७१ वनस्पतीचं की प्राण्याचं?" उत्तर लेखी मागायचं. कंपन्या घटक बदलतात, म्हणून तारीख महत्त्वाची, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारायचं. शांतीनगरच्या मंडळाने दहा वस्तू विचारल्या, भाईंदर पश्चिमेच्या मंडळाने दहा, मीरा रोडने दहा, की दिवाळीपर्यंत तीस वस्तूंची खात्रीची यादी आपल्या हातात असेल. मग सासूने टोमणा मारायचा नाही आणि सुनेने ठिपका दाखवायचा नाही. दोघींनी वही उघडायची.

पहिल्या पानाला मी माझ्याकडून तीन वस्तू लिहून देते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातलं एक रिकामं पाकीट पर्समध्ये घालून आणा. चष्माही आणा.

जय जिनेंद्र.